विश्लेषण : आल्प्समध्ये रेल्वेने भटकंती, पास कधी परवडतो? आरक्षण, व्हिसाचे नियम काय?

मुळशी तालुक्यातील चांदे गावातून रेल्वे गाठायची तर चिंचवड किंवा पुणे स्टेशनच. हिंजवडी आयटी पार्क जवळ असल्याने या पट्ट्यात तरुण नोकरदारांची वस्ती मोठी. यातल्या दोघा मित्रांनी सुट्टी जुळवून, पाठीवर सॅक टाकून रेल्वेने आल्प्स पाहायचा बेत केला, तर पहिला प्रश्न येतो पासचा. इथे गणित चुकले तर हजारो रुपयांचा फटका बसू शकतो.

युरेल, इंटररेल की स्विस पास?

युरेल पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. त्याच्या ग्लोबल पासमध्ये ३३ देश येतात. दुसरा मित्र नोकरीसाठी म्युनिकमध्ये राहत असेल तर त्याला इंटररेल घ्यावा लागतो. त्यात राहत्या देशातील प्रवासावर मर्यादा असते. वयही महत्त्वाचे. २७ वर्षांपर्यंत युवा सवलत मिळते. २८ पूर्ण झालेल्या मित्राला पूर्ण दर पडतो. फक्त स्वित्झर्लंड पाहायचे असेल तर ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास आहे. त्यावर रेल्वेसोबत बस आणि बोटीही चालतात.

पास असला की सीट पक्की?

नाही. पास म्हणजे तिकीट, आरक्षण नव्हे. झरमॅट ते सेंट मॉरिट्झ धावणाऱ्या ग्लेशियर एक्स्प्रेसला पासधारकांनाही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. बर्निना एक्स्प्रेसचेही तेच. मात्र याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्या धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि डोंगर तेच दिसतात. गाड्या मात्र बदलाव्या लागतात. इटली आणि फ्रान्समधील वेगवान गाड्यांना आरक्षण बंधनकारक आहे.

डोंगरावर सगळीकडे पास चालतो का?

३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख स्थानकापर्यंत पासवर मोफत जाता येत नाही. वरच्या टप्प्यात फक्त सवलत मिळते. याउलट बर्निना मार्ग पासमध्ये पूर्ण येतो. १८६३ मध्ये सुरू झालेल्या आपल्या बोरघाटातील चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे २.७ टक्के. बर्निनाचा चढ ७ टक्क्यांपर्यंत जातो, तोही दातेरी रुळाशिवाय. २,२५३ मीटर उंची गाठणारा हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

व्हिसाचे काय?

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमाकवच बंधनकारक. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. साधारणपणे किमान १५ दिवस आधी तरी तो गेला पाहिजे. मित्र एकत्र जाणार असले तरी प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र. एकाला व्हिसा मिळून दुसऱ्याचा नाकारला जाऊ शकतो. म्हणून व्हिसा हाती येण्याआधी परतावा न मिळणारी तिकिटे काढणे जोखमीचे.

मग करायचे काय?

आधी मार्ग कागदावर मांडा. लांबचा प्रवास नेमका किती दिवस आहे ते मोजा. युरेलमध्ये महिन्याभरात फक्त ४, ५ किंवा ७ दिवस वापरायचा पासही मिळतो. एकाच गावी मुक्काम करून ट्रेक करायचे असतील तर त्या दिवसांसाठी पास नको. आधी काढलेली सुपरसेव्हर तिकिटे स्वस्त पडतात, पण ती ठरलेल्या गाडीपुरतीच चालतात. गाडी चुकली की ते तिकीट वाया. वाट्टेल तिथे उतरायची मोकळीक हवी असेल तर पास, कार्यक्रम पक्का असेल तर तिकीट. दोघांपैकी कुणाला काय हवे, हे मात्र पैसे भरण्याआधीच बोलून घ्या.