प्रोसेसर, हवा तसा

पुण्यात १९५० साली जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव इंटेलच्या पेंटियमशी कायमचे जोडले गेले. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि त्याच्या वेगाचा गवगवा झाला. त्याच सुमारास रूढ झालेल्या सीपीयूआयडी नावाच्या एका छोट्या सूचनेची मात्र बाहेर फारशी चर्चा झाली नाही. प्रोग्रामने ती दिली की प्रोसेसर आपली कुंडली मांडतो: कंपनी कोणती, मॉडेल कोणते, अंगी कोणती कौशल्ये. प्रत्येक कौशल्यासाठी एक बिट. १ म्हणजे आहे, ० म्हणजे नाही.

ही यादी पुढे वाढतच गेली. १९९७ मध्ये चित्र-ध्वनीच्या कामासाठी एमएमएक्स आले. पुढच्या वर्षी एएमडीने थ्रीडीनाऊ आणले. १९९९ मध्ये एसएसई, २०११ मध्ये एव्हीएक्स, २०१३ मध्ये एव्हीएक्स-२. काही कौशल्ये गळूनही पडली. थ्रीडीनाऊ यापुढच्या प्रोसेसरमध्ये नसेल, असे खुद्द एएमडीनेच २०१० मध्ये जाहीर केले.

मग प्रोसेसरचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे एम्युलेटरने, यातले नेमके कोणते सोंग घ्यायचे?

केव्हिन लॉटन यांनी १९९४ च्या सुमारास लिहिलेल्या बॉक्स या एम्युलेटरमध्ये याचे उत्तर बराच काळ प्रोग्राम बांधतानाच द्यावे लागे. एसएसई हवे की नको हे कंपाइल करतानाच ठरायचे. मत बदलले की पुन्हा सगळी बांधणी. पुढे ही निवड साध्या सेटिंगच्या फाइलीत आली. एक ओळ बदलायची, बॉक्स पुन्हा सुरू करायचा, की तोच प्रोग्राम कधी जुना पेंटियम होतो, कधी अलीकडचा कोअर आय-७. फॅब्रिस बेलार्ड यांच्या क्यूएमूमध्येही (२००३) सुरू करतानाच ‘इंटेलचा हॅसवेल प्रोसेसर, पण एव्हीएक्स-२ वगळून’ असे सांगता येते.

बिट ० केला की काम झाले, असे मात्र नाही. एखादा प्रोग्राम सीपीयूआयडीला न विचारताच एव्हीएक्स-२ ची सूचना देऊ शकतो. खरा जुना प्रोसेसर अशा वेळी ‘ही सूचना मला ठाऊक नाही’ असा अपवाद उठवतो; त्याचा क्रमांक ६. एम्युलेटरनेही तेच करायला हवे. पण प्रत्येक सूचनेला ‘हे चालू आहे का?’ असे तपासत बसले तर वेग मार खातो. म्हणून बॉक्स सुरुवातीलाच सूचनांचा तक्ता चाळतो आणि बंद कौशल्यांच्या जागी अपवादाकडे नेणारा रस्ता जोडून ठेवतो. क्यूएमू सूचनांचे गट यजमान यंत्राच्या भाषेत उतरवताना ही तपासणी करतो; तोच गट हजार वेळा चालला तरी सहसा पुन्हा विचारावे लागत नाही.

सगळ्यात फसवी सूचना एलझेडसीएनटी. आकड्याच्या सुरुवातीला किती शून्ये आहेत ते ती मोजते. जुना प्रोसेसर तिला नकार देत नाही. तिच्यापुढचा उपसर्ग सोडून देतो आणि बीएसआर ही वेगळीच सूचना पार पाडतो. ३२ बिटांत १ हा आकडा दिला तर नव्याचे उत्तर ३१, जुन्याचे ०. कुठेही तक्रार नाही, फक्त चुकीचे उत्तर. प्रामाणिक एम्युलेटरला ही चूकही हुबेहूब करावी लागते.

क्लाउडमधल्या आभासी यंत्रांचे दुखणे वेगळे. तिथे बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, त्यामुळे सीपीयूआयडीच्या मेनूकार्डावरून नाव खोडले तरी पदार्थ स्वयंपाकघरात असतोच. ऑगस्ट २०१४ मध्ये उलटे घडले: पदार्थच स्वयंपाकघरातून गेला. हॅसवेलमधल्या टीएसएक्स या कौशल्यात दोष सापडला आणि इंटेलने मायक्रोकोडद्वारे ते बंद केले. क्यूएमूला मग ‘हॅसवेल-नोटीएसएक्स’ असे निराळे मॉडेल यादीत घालावे लागले.

एम्युलेटरच्या या सोंगांचा उपयोग शिकणाऱ्यांनाही होतो. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे जुना लॅपटॉप असला तरी डिसेंबर २०२२ च्या क्यूएमू ७.२ पासून त्याला एव्हीएक्स-२ चे प्रोग्राम चालवून पाहता येतात. एव्हीएक्स-५१२ साठी बॉक्समध्ये स्कायलेक-एक्स निवडायचे. सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रोसेसर ज्या रिस्क-फाइव्ह या सूचनासंचावर उभे आहेत, त्याचा सराव तर आणखी मोकळा: क्यूएमूला व्हेक्टरची, म्हणजे एकाच सूचनेत हाताळायच्या आकड्यांच्या ओळीची, रुंदी आज १२८ बिट सांगावी, उद्या ५१२, आणि आपला प्रोग्राम दोन्हीकडे तेच उत्तर देतो का ते पाहावे. वेगाचा अंदाज मात्र इथे बांधता येत नाही. व्हेक्टरची सूचना खऱ्या चिपवर वेळ वाचवते. एम्युलेटरमध्ये तीच साध्या सूचनांपेक्षा महाग पडू शकते. तो हिशोब करायला प्रत्यक्ष चिपच लागते.