वाडी मोजायची गुंठ्यानं की झाडानं?

आपल्याकडे नुकसान म्हटलं की हेक्टरच डोळ्यापुढं येतं. महापुरात ऊस बुडाला, किती हेक्टर? तलाठी येतो, कृषी सहायक येतो, ग्रामसेवक सही करतो, आणि हेक्टरला अमुक रुपये असा हिशोब होतो. घाटाखाली रायगडच्या किनाऱ्यावर मात्र हा हिशोब बसत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा ते उघड झालं.

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड हा सारा नारळ-सुपारीच्या वाड्यांचा मुलूख. वाडी म्हणजे घरामागची पाच-दहा गुंठे जमीन. वर नारळ, खाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल, सावलीत जायफळ. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा दुपारी काही तास घोंगावला आणि आजोबांनी लावलेल्या बागा आडव्या झाल्या. आपला ऊस लोळला तरी पुष्कळदा कारखान्याकडे जातो. मोडलेली सुपारी पुन्हा उभी राहत नाही.

त्या वेळी केंद्राच्या निकषानं बहुवार्षिक पिकाला हेक्टरी 18,000 रुपये होते, तेही दोन हेक्टरपर्यंत. पाच गुंठ्यांच्या वाडीला किती येतात ते करून पाहा. नऊशे रुपयांच्या आसपास! पडलेली खोडं तोडून वाट मोकळी करायची मजुरीसुद्धा त्यात निघायची नाही. राज्य सरकारनं हा दर वाढवून हेक्टरी 50,000 केला, तेव्हा त्याच वाडीचे अडीच हजार झाले. बरं झालं, पण मोजमाप तेच राहिलं.

वाडीवाल्यांचं म्हणणं साधं होतं : आमची झाडं मोजा. ते पुढं मान्य झालं. नारळाला झाडामागं 250 रुपये आणि सुपारीला 50 रुपये. शिफारशीप्रमाणं पावणेतीन मीटरवर सुपारी लावली तर पाच गुंठ्यांत सत्तरेक झाडं बसतात, म्हणजे साडेतीन हजार. त्यात आठ नारळ धरले तर आणखी दोन हजार. जुन्या वाड्या याहून दाट असतात, तिथं फरक आणखी वाढतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हाही झाडाचा हिशोब होताच. ही मागणी रास्त होती, असं आमचं स्पष्ट मत आहे. पन्नास रुपयांत सुपारीचं झाड येतं का, हा प्रश्न मात्र उरतोच.

दुसरी अडचण कागदाची, आणि ती आपल्यालाही परकी नाही. वाडी पाच गुंठे, सातबाऱ्यावर नावं पंधरा! निम्मे मुंबईला, एखादा वारलेला, वारसनोंद झालेली नाही. वाडी राखणारा एकटा, पण पैसे त्याच्या खात्यावर जायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र पाहिजे. त्यात 2020 चा जून, टाळेबंदीचे दिवस. सही आणायला जायचं कसं? शिवाय पडलेलं झाड पंचनाम्यापर्यंत तसंच ठेवायचं की उचलायचं, हा घोळ वेगळाच. फोटो काढून ठेवलेल्यांना थोडं सोपं गेलं.

म्हणून आपल्या सभासदांनीही घरचा सातबारा एकदा काढून बघावा. मयताचं नाव तसंच आहे का, पीक लागलंय का. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून पिकाची नोंद आपली आपण मोबाईलवर करता येते. ती राहिली की पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याशी वाद घालत बसायचं.

श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. वेळेचा सुटत नाही. आपला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांत तुटतो. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, नारळालाही तेवढीच किंवा जास्त. 2021 च्या पावसात लावलेल्या रोपांना फळ दिसायला 2027-28 उजाडायचं, आणि तोवर वाडीवाल्याच्या घरी वाडीचं उत्पन्न शून्य. त्या मधल्या वर्षांसाठी झाडामागं मोजलेल्या मदतीतही रकाना नव्हता.