तो लाडात येत नव्हता, घाबरला होता!

तुमच्याही फीडवर तो रील येऊन गेला असेल. सोफ्यावर बसलेली परदेशी मुलगी, गळ्यात पिवळा-पांढरा अजगर आणि खाली लाइक्सचा पाऊस. आपण एक हार्ट टाकतो आणि पुढे सरकतो. माझा मामेभाऊ मात्र पुढे सरकला नाही.

गेल्या पावसाळ्यात मालेगाव तालुक्यात मामाच्या गावी गेले होते. भावाने मला गुपचूप मागच्या खोलीत नेलं. प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं आणि आत वीत-दीड वीत लांबीचं वेटोळं. "अजगराचं पिल्लू हाय ताई, धुऱ्यावर सापडलं. भेव कायले लागते तुले?" डब्यात दुधाची वाटी, पोळीचा तुकडा आणि अर्धं उकडलेलं अंडं होतं. चार दिवसांत त्याने कशालाच तोंड लावलं नव्हतं. भावाने डबा हलवला. वेटोळं घट्ट झालं आणि कुकरची वाफ निघावी तसा आवाज आला. "पाय, मले ओळखते आता!" भाऊ खूश.

मी लांबूनच फोटो काढला आणि वाशिमच्या एका सर्पमित्राला पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, 'डब्याला हात लावू नका. मी निघालोय.'

ते अजगर नव्हतं. घोणस होती. भारतातल्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक.

फरक कसा ओळखायचा?

ही गल्लत नेहमीची आहे. अजगराच्या अंगावर वेडेवाकडे, एकमेकांत मिसळणारे मोठे पट्टे असतात आणि कातडी चकचकीत दिसते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी असतं आणि खवले खरबरीत. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, तीही एका वेळी वीस-तीस. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ही पिल्लं शेतात दिसतात. पिल्लू लहान म्हणून विष नाही, असं अजिबात नाही. जन्मल्यापासूनच ते विषारी असतं.

त्याची भाषा आपल्याला कळत नाही

भावाला जे 'ओळखणं' वाटलं, तो खरंतर इशारा होता. घट्ट वेटोळं, इंग्रजी 'एस'सारखी मान आणि फुत्कार यांचा अर्थ एकच, 'लांब राहा'. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतून येणारी कंपनं त्याला लगेच कळतात. डबा हलवणं म्हणजे त्याच्यासाठी भूकंपच! सारखी आतबाहेर होणारी जीभही रागाची खूण नाही. तो हवेतले गंधाचे कण गोळा करून टाळूतल्या एका खास अवयवाकडे नेतो, म्हणजे जिभेने वास घेतो. माणसाच्या हाताची सापाला सवय होऊ शकते, पण कुत्र्या-मांजरासारखी माया तो लावत नाही.

दूध नको, पोळी नको

साप शुद्ध मांसाहारी आहे. उंदीर, बेडूक, सरडे, पक्षी, अंडी, ज्याची त्याची आवड वेगळी. दात मागे वळलेले असल्याने चावून खाणं त्याला जमत नाही. खालच्या जबड्याचे दोन भाग लवचीक स्नायुबंधाने जोडलेले असतात, त्यामुळे भक्ष्य तो अख्खं गिळतो. मग 'नागपंचमीला नाग दूध पितो' त्याचं काय? गारुडी सापाला कित्येक दिवस उपाशी-तहानलेला ठेवतात. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते पितो. दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेलं तर जीवही जातो.

भावाचा साप चार दिवस उपाशी का राहिला, हेही कळलं. सापाचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. ऊब मिळाली नाही तर पचन थांबतं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधाळ होतात, तेव्हा तो खात नाही. भेदरलेला साप तर खातच नाही आणि खाल्लेलं ओकूनही टाकतो. परदेशात जे लोक अजगर पाळतात, ते आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, सापाच्या जाडीइतकाच उंदीर देतात आणि त्यानंतर दोन दिवस त्याला हातही लावत नाहीत. रीलमध्ये हे कुणी दाखवत नाही.

मग पाळायचाच नाही का?

नाही. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. 'साइट्स' यादीतल्या परदेशी प्रजातींसाठी २०२४च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. मांडुळाला 'डबल इंजिन' म्हणत लाखोंची बोली लावणाऱ्यांपासूनही लांबच राहा. त्याला दोन तोंडं नसतात, शेपूट तेवढी बोथट असते.

साप समजून घ्यायचा असेल तर रस्ते आहेत. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. सापाला डिवचलं नाही तर तो विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे त्यांच्याच पुढाकारातून कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. तिथे जा, बघा, विचारा. आणि घरी बसून काही करायचंच असेल, तर आपल्या शेतातली धामण मारू नका. ती उंदीर खाते, बियाणं वाचवते, तेही फुकटात!

सर्पमित्राने चिमट्याने ते पिल्लू बरणीत घेतलं आणि वन विभागाला कळवून जंगलात सोडलं. जाताना भावाला एवढंच विचारलं, "हात किती वेळा घातला होता डब्यात?" भाऊ बोलला नाही. त्याने तीन बोटं वर केली. मामी तिथेच खाली बसली.

हे लक्षात ठेवा

- साप दिसला तर लांबून नजर ठेवा, पकडू नका. वन विभागाची हेल्पलाइन : १९२६
- चावला तर १०८ला फोन करा. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा.
- सापासोबत सेल्फी नको. लाइक्स नंतरही मिळतील.