खोल चौकट, मोकळी जागा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी हे गाव आहे. धानाची शेती, भोवतालचे जंगल, जवळच गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि विदर्भात नावाजलेली मिरची ही या परिसराची ओळख. अशा बाजारगावातील जुन्या दुकानात पाऊल टाकले की गादीमागच्या भिंतीवर एक तसबीर बहुधा दिसतेच. ज्यांनी दुकान घातले त्या मूळ पुरुषाचा कृष्णधवल फोटो, त्याला चंदनाचा हार आणि खालच्या फळीवर उदबत्तीची राख. दुकान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते, मुले नागपूर, रायपूर, पुणे येथे स्थिरावतात; तसबीर मात्र एकच असते आणि ती भिंतीवरच राहते.

या तसबिरीचा खरा शत्रू म्हणजे ओल. जुन्या कृष्णधवल फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा पातळ थर असतो. पावसाळ्यातील दमट हवेत तो ओलावा शोषून मऊ होतो आणि समोरच्या काचेला चिकटतो. पुढे कोणी हौसेने तसबीर उघडून फोटो ओढला, तर चेहऱ्याचा काही भाग काचेवरच राहतो. म्हणून जाणकार कारागीर काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची किंवा लाकडी पट्टीची फट ठेवतात. ही फट वाढवून चौकटीला पेटीसारखी खोली दिली की तिला शॅडोबॉक्स म्हणतात. फोटोबरोबर पदक, किल्ली, वाळलेले फूल अशी वस्तूही तिच्यात ठेवता येते आणि चौकटीच्या कडांची सावली आत पडून सारे चित्र जिवंत वाटू लागते.

अशा जडावाची हौस महाराष्ट्राला नवी नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथील देवदेवतांच्या छापील चित्रांवर कापड, जर आणि टिकल्या जडवून ती काचेच्या चौकटीत बसवण्याची रीत घराघरांत रुजली. सपाट कागदाला उठाव देण्याची तीच हौस आज संगणकावर भागवता येते. पत्राच्या डिजिटल कागदावर खोल चौकट रेखून त्यात पूर्वजांचा फोटो बसवला, तर भिंतीवरची एकुलती एक तसबीर सर्व शाखांतील कुटुंबांपर्यंत पोहोचते.

प्रथम मूळ प्रत जपावी

फोटो सुटा असेल तर तो स्कॅनरवर ६०० डीपीआय इतक्या सूक्ष्मतेने स्कॅन करावा. काचेला चिकटला असेल तर ओढू नये. काचेसकट, दिवसाच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता त्याचे छायाचित्र घ्यावे. कॅमेऱ्यामागे काळे कापड धरल्यास काचेतील प्रतिबिंब बरेच टळते. मिळालेली पहिली फाइल तशीच बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे. व्यवहारात मूळ पावतीवर खाडाखोड करत नाहीत, तोच नियम येथे लागू आहे. ओरखडे व डाग पुसण्यास हरकत नाही. पण पागोट्याचा रंग कल्पनेने भरणे किंवा चेहरा गुळगुळीत करणे म्हणजे नोंदीत फेरफार करणे होय.

चौकटीची मांडणी

या कामासाठी विकतच्या सॉफ्टवेअरची गरज नाही. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी तयार केलेले आणि १९९६ पासून लोकांना उपलब्ध असलेले ‘गिम्प’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यातील प्रत्येक ‘लेयर’ म्हणजे एकावर एक ठेवलेला पारदर्शक कागद. कोणता थर खाली आणि कोणता वर, हे नीट ठरवले की निम्मे काम झाले.

ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेलचा होतो. सर्वांत खालच्या थरावर फिकट बदामी रंग भरावा. हा पत्राचा कागद. दुसऱ्या थरावर, पानाच्या वरच्या भागात, १००० × १२४० पिक्सेलचा आयत किंचित गडद रंगाने भरावा. हा पेटीचा तळ. तिसऱ्या थरावर त्या तळाच्या मधोमध ६०० × ८०० पिक्सेलचा फोटो ठेवावा. चौथ्या, सर्वांत वरच्या पारदर्शक थरावर १२०० × १४४० पिक्सेलचा आयत शिसवी रंगाने भरावा आणि त्याच्या मधला १००० × १२४० पिक्सेलचा भाग निवडून पुसून टाकावा. चारही बाजूंना शंभर पिक्सेल रुंदीच्या पट्ट्या उरतात, ही चौकट.

मधला भाग खरोखर रिकामा करणे हीच येथील गुरुकिल्ली. पुष्कळ जण भरीव आयतावर फोटो चिकटवतात आणि सावली देतात. मग चौकट पाटीसारखी दिसते, पेटीसारखी नाही. मध्य रिकामा असला की ‘फिल्टर्स’मधील ‘लाइट अँड शॅडो’ या गटातील ‘ड्रॉप शॅडो’ हा एकच पर्याय दुहेरी काम करतो. सावली तीस पिक्सेल उजवीकडे व तीस पिक्सेल खाली सरकवावी, चाळीसच्या आसपास धूसर करावी आणि तिचा गडदपणा निम्म्याच्या जवळ ठेवावा. वरच्या आणि डाव्या पट्टीची सावली पेटीच्या आत पडते, उजव्या आणि खालच्या पट्टीची बाहेर कागदावर. क्षणात सपाट पान खोल होते.

फोटोलाही सावली द्यावी, पण आठ-दहा पिक्सेलचीच. उंच वस्तूची सावली दूर व विरळ पडते, तळाला टेकलेल्या वस्तूची जवळ व ठळक. आणि दिशा कधीही बदलू नये. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे एकदा ठरले की प्रत्येक सावली उजवीकडे खालीच पडली पाहिजे. एक जरी उलटी पडली, तरी पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. ताळेबंदात एक रक्कम चुकीच्या बाजूला गेल्यावर खटकते तसे.

काम ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जतन केले तर सर्व थर सुटे राहतात आणि पुढील वर्षी फोटो बदलता येतो. पत्रासाठी त्याची ‘पीएनजी’ प्रत काढून ती लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी म्हणून घ्यावी आणि मजकूर तेथे युनिकोड देवनागरीत लिहावा. तयार पत्र ‘पीडीएफ’ करून व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवल्यास त्याची सूक्ष्मता घटते.

चित्र आधी, पत्र नंतर

सचित्र पत्रांची परंपरा जैन समाजाला अनोळखी नाही. चातुर्मासासाठी आचार्यांना निमंत्रण देणारी लांबलचक विज्ञप्तिपत्रे संघ पाठवत असत. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरी यांना पाठवलेले, चित्रकार शालिवाहन यांनी रंगवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणात प्राणिहत्या थांबवण्याविषयीच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे. चित्रांचा पट उलगडत गेला की अखेरीस मजकूर येतो. चित्र कितीही देखणे असले तरी पाठवायचे असते ते पत्र.

आज संवत्सरी किंवा क्षमावाणीच्या दिवशी दूरध्वनीवर शेकडो तयार चित्रे येतात आणि न वाचता पुढे जातात. ज्याच्याशी हिशेबावरून बोलणे तुटले त्या जुन्या भागीदाराला आणि ज्याची ओळखही नाही त्या क्रमांकाला एकच चित्र मिळते. त्यात क्षमा मागणारा कोण आणि कशाबद्दल, हे कोठेच नसते.

म्हणून चौकट पानाच्या वरच्या भागातच असावी आणि खालचा अर्ध्याहून अधिक कागद कोरा राहावा. फोटोखाली नाव, गाव आणि साल लिहावे. तो चेहरा ओळखणारे घरातील शेवटचे वडीलधारे आहेत तोवरच ही माहिती मिळू शकते. त्यानंतर उरतो तो एका अनोळखी माणसाचा फोटो. सुट्या मूळ फोटोच्या मागेही मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने हीच नोंद करावी. आणि कोऱ्या जागेत, ज्याला पत्र जायचे त्याचे नाव घालून, चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात.

तसबिरीत काचेमागची मोकळी जागा फोटोला वाचवते. पत्रात चौकटीखालची मोकळी जागा नात्याला वाचवू शकते. मात्र ती कोणीतरी भरावी लागते.