वसाहतीचे दिवे, वसाहतीची बाग : खर्च कोणी सोसायचा?

गावाच्या वेशीबाहेर, सडकेला लागून असलेले अडीच एकराचे शेत बिनशेती होते. मुरमाचे रस्ते पडतात, फक्कीच्या रेघा मारल्या जातात, कमान उभी राहते. खांबांवर दिवे लागतात, मधल्या मोकळ्या जागेत हिरवळ अंथरली जाते, घसरगुंडीसुद्धा येते. रविवारी प्लॉट पाहायला आलेली माणसे ही हिरवळ पाहूनच निम्मी राजी होतात आणि बयाणा देऊन मोकळी होतात. मंडळी, तुमच्या तालुक्यात अशा दोन-चार वसाहती नक्की असतील. पण चार वर्षांनी तिथे पुन्हा चक्कर मारा. बारा खांबांपैकी तीनच दिवे जळताहेत, हिरवळीच्या जागी गाजरगवत वाढले आहे, आणि ‘हे कोणी बघायचं?’ म्हणून पारावर वाद चालला आहे, असे पुष्कळदा दिसेल.

वाद होतो तो माणसे वाईट असतात म्हणून नव्हे. दिवे उभारायला पैसा एकदाच लागतो, ते जळते ठेवायला दरमहा लागतो. आणि प्लॉट विकणारा हिशेब सांगतो तो फक्त पहिल्याचा. दुसरा हिशेब खरेदीखताच्या दिवशी कोणी विचारत नाही. तोच आज आपण मांडून पाहू. गुरुजी, खडू हातात घ्या. सातवीच्या मुलांना जमेल इतकेच गणित आहे.

अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा सर्वांसाठी मोकळी सोडावी लागते. आपल्या वसाहतीत ही झाली दहा गुंठे. रस्त्यांना तीस गुंठे धरू. उरलेल्या साठ गुंठ्यांत दीड-दीड गुंठ्याचे चाळीस प्लॉट बसतात. रस्त्याची लांबी बघता बारा खांब पुरेत.

आता दिवे. तीस वॅटचा एलईडी दिवा रात्रीचे अकरा तास जळाला, तर बारा दिव्यांना रोज चार युनिटला किंचित कमी वीज लागते. वर्षाचे झाले सुमारे १,४४५ युनिट. युनिटला आठ रुपये धरा (खरा दर तुमच्या भागातल्या बिलावर बघून घ्या), म्हणजे वर्षाला साडेअकरा हजार. दिवे पाच वर्षांनी बदलावे लागतात असे धरले, आणि दिव्याची किंमत दीड हजार मानली, तर त्यापोटी वर्षाला ३,६०० बाजूला टाकायला हवेत. एकूण पंधरा हजार. चाळीस प्लॉटांत वाटले, तर महिन्याला प्लॉटमागे बत्तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. भांडण दिव्यावरून होते खरे, पण वसाहतीला पेलवत नाही ती बाग!

उन्हाळ्यात देशावर हिरवळीला रोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दर चौरस मीटरला पाच लिटर. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. तेव्हा रोज पाच हजार लिटर, एक टँकर, नुसत्या गवताला! खेड्यात माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे मान आहे. त्या मानाने हे नव्वद माणसांचे पाणी झाले. ज्या गावात फेब्रुवारीपासून विहिरी तळ दाखवतात, तिथे हिरवळ जगवायची म्हणजे शेजारच्या वस्तीच्या हंड्यातच हात घालायचा. टँकरला आठशे रुपये धरा आणि चार महिने मोजा : शहाण्णव हजार. अर्धवेळ माळ्याला महिना चार हजार, वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. दिवे धरून सगळे झाले एक लाख एकोणसाठ हजार. प्लॉटमागे महिन्याला ३३० रुपयांच्या वर.

त्याच जागेत कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, ताम्हण अशी साठ झाडे लावा. रोपाला आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर पाणी द्या, नोव्हेंबर ते मे. आठवड्याला अर्धा टँकर, म्हणजे हंगामाला पंधरा टँकर, बारा हजार रुपये. मजुरी आणखी बारा हजार. दिवे धरून वर्षाला ३९ हजार, प्लॉटमागे महिना ऐंशी-ब्याऐंशी रुपये. शिवाय जमीन बरी असेल, तर तीन-चार वर्षांनी यातली बहुतेक झाडे आपली आपण जगतात आणि पाण्याचा खर्च जवळजवळ संपतो. हिरवळीचे तसे कधीच होत नाही. प्लॉट विकणाऱ्याला हिरवळ का आवडते ते उघड आहे : ती महिन्याभरात दिसते, आणि कडुनिंबाची सावली पडेपर्यंत तो गिऱ्हाइकाला थांबवू शकत नाही.

आता ऐंशी रुपये म्हणा की तीनशे तीस, ते गोळा कोणी करायचे? लोक सरळ ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतात. ‘आम्ही दिवाबत्ती कर भरतो ना?’ भरता, हे खरे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला तो कर घेता येतो आणि घरपट्टीच्या पावतीवर तो दिसतोही. पण तो साऱ्या गावच्या खांबांसाठी असतो. शिवाय वसाहतीतले रस्ते, दिवे आणि मोकळी जागा पंचायतीने लेखी ताब्यात घेतलेली नसेल, तर ग्रामसेवक कोणत्या आधारावर बिल भरणार? पंचायतीच्या तिजोरीचीही गोष्ट ऐका. २०२१ साली थकबाकीपायी राज्यातल्या अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली. तेव्हा ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत असे शासनाने सांगितले, आणि हा पैसा तर गावच्या विकासकामांचा, अशी सरपंचांनी तक्रार केली. जुन्या खांबांची ही अवस्था. त्यात नव्या वसाहतीचे बारा खांब आणि बाग कशी मावणार?

हाच गुंता दूर अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात कसा सोडवतात ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडची पुष्कळ मराठी मुले नोकरीनिमित्त तिथे असल्याच नव्या वसाहतींत राहतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरपट्टीच्या बिलात दिवे आणि बागेच्या आकारणीची एक वेगळी ओळ असते. १९७२ च्या एका कायद्याने तिथल्या नगरपालिकांना वसाहतीपुरता वेगळा विभाग पाडून दिव्यांचा आणि झाडांचा खर्च तिथल्याच मालमत्तांवर वाटता येतो. १९७८ साली लोकांनी मतदान करून मूळ घरपट्टीवर मर्यादा घातली, तेव्हापासून या वाटेचे महत्त्व फार वाढले. १९९६ मध्ये मतदारांनी आणखी दोन अटी घातल्या. ज्याचा लाभ साऱ्या गावाला होतो, त्याचा बोजा वसाहतीवर टाकायचा नाही. खास वसाहतीला जो लाभ होतो, तेवढाच तिच्यावर. आणि आकारणी नवी बसवायची वा वाढवायची, तर मालकांना टपालाने मतपत्रिका पाठवायची. ज्याला जास्त पैसे द्यायचे, त्याच्या मताचे वजन जास्त.

पण तिथेही एक मेख आहे. वसाहत नवी असते तेव्हा सगळी जमीन एकट्या बिल्डरची असते. मतदार तोच, होकारही त्याचाच; घरे घेणारे मागाहून येतात आणि ती ओळ बिलावर वाचतात. त्या वेळी ‘महागाईप्रमाणे रक्कम वाढेल’ असे लिहून ठेवले नसेल, तर आकडा तिथेच गोठतो. पाणी महागते, मजुरी वाढते, आणि वाढीला मत मागितले की मालक नाही म्हणतात. अशा जुन्या विभागांत मग खर्च वसुलीच्या पुढे जातो आणि बागेचे पाणी तोडायची पाळी येते. श्रीमंत देशातली हिरवळसुद्धा अशी वाळते, बघा.

यातले आपण घेण्यासारखे पुष्कळ आहे. सडकेच्या तोंडाशी असलेल्या दोन खांबांचा उजेड साऱ्या गावाच्या पायाखाली पडतो. त्यांचे बिल पंचायतीने भरावे असे मागणे वाजवी आहे. आतल्या दहा खांबांचे आणि बागेचे वसाहतीने भरावे. वाटा घरामागे नव्हे, प्लॉटमागे धरावा. नाहीतर पुण्या-मुंबईला राहून इथे प्लॉट अडवून ठेवणारे सुटतात आणि घर बांधून राहणाऱ्या बारा-पंधरा कुटुंबांवर चाळिसांचा भार येतो. रिकाम्या प्लॉटचा भावसुद्धा या दिव्यांनीच चढतो, हे त्यांना सांगायला संकोचू नका.

वसुलीला नुसते मित्रमंडळ कामाचे नाही. गणपतीची वर्गणी आणि दिव्याचे बिल यांत फरक आहे. वर्गणी न देणाऱ्याचे कोणी काही करू शकत नाही. प्लॉटधारकांची सहकारी संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदवली, तर थकबाकीसाठी निबंधकांकडून वसुली दाखला घेता येतो आणि ती जमीन महसुलाप्रमाणे वसूल होऊ शकते. काही ठिकाणी खरेदीच्या वेळीच ठेव घेतात. आपल्या वसाहतीत ३९ हजार व्याज सुटायला सहा टक्क्यांनी साडेसहा लाख ठेव लागेल, प्लॉटमागे सव्वासोळा हजार. मात्र सगळे व्याज दरवर्षी खर्चून टाकले, तर महागाई वाढेल तसे ते कमी पडत जाईल. थोडे व्याज ठेवीतच परत टाकावे.

प्लॉट घ्यायला निघालेल्या कोणाला तुम्ही ओळखत असाल, तर त्याला चार गोष्टी विचारून घ्यायला सांगा. दिव्यांचे मीटर कोणाच्या नावावर आहे? बिल्डरच्या नावावर राहिले, तर त्याने बिल थांबवले त्या महिन्यात अंधार. मोकळी जागा कोणाच्या नावे करून देणार, आणि कधी? वार्षिक आकार किती, आणि तो कोणत्या रीतीने वाढणार? हे सारे खरेदीखतात आहे की नुसते तोंडी?

आणि गुरुजी, मुलांना आणखी एक गणित घाला. सकाळी दिवे बंद करायला कोणी विसरले, तर तेच बारा दिवे दिवसाचे उरलेले तेरा तास जळतात. वीज लागते ४.६८ युनिट, रात्रीपेक्षाही जास्त. आठ रुपयांनी साडेसदतीस रुपये. महिनाभर असे चालले तर अकराशेच्या वर जातात. आपोआप चालू-बंद करणारे घड्याळ बसवले तर ते किती महिन्यांत फिटेल, हे मुलांनी बाजारात किंमत विचारून काढावे, आणि तो कागद वसाहतीच्या पुढच्या सभेत वाचून दाखवावा.