दोन पानांची पंगत

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वधूवर शेजारी बसतात आणि उखाणा घेऊन एकमेकांना घास भरवतात. सारा मांडव कौतुकाने पाहत असतो. पुढे संसार सुरू होतो आणि ती दोन पाने हळूहळू दूर होत जातात. त्याचे पान आधी वाढले जाते. ती पोळ्या करीत उभी राहते आणि सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले घेऊन एकटी बसते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. गरम पोळी पानात पडावी, ही मायाच असते. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की त्याला आमटीत गूळ किती लागतो हे तिला नेमके ठाऊक असते, आणि तिला काय आवडते हे त्याला वीस वर्षांनंतरही सांगता येत नाही.

लग्नाच्या वाढदिवशी हॉटेलात जाण्याची रीत आता रुळली आहे. त्यात गैर काही नाही. दोघे समोरासमोर बसून निवांत जेवतात, हाच त्या जेवणातला खरा आनंद. मग तो घरी का साधू नये? आमच्या मते त्यासाठी एकच नियम पुरेसा आहे: पानावर बसल्यावर दोघांपैकी कोणालाही शेगडीपाशी उठावे लागू नये. पुऱ्या, फुलके, भजी त्या दिवशी बाद!

होळकरांच्या काळापासून इंदूरला स्थिरावलेल्या मराठी घरांत माळव्याची आणि दक्षिणेकडची चव एकत्र नांदत आली आहे. श्रावण-भाद्रपदात कोवळी कणसे येतात, तेव्हा दोघांसाठी भुट्ट्याचा किस, तोंडल्यांचा मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड असा बेत करून पाहावा.

श्रीखंडाची तयारी आदल्या रात्री करावी. अर्धा लिटर सायीच्या दुधाचे दही फडक्यात बांधून टांगावे. हवा दमट असल्यास पुरचुंडी चाळणीत घालून, खाली भांडे धरून, फ्रिजमध्ये ठेवावी. चक्का आंबत नाही. सकाळी चक्क्याच्या पाऊणपट साखर मिसळून पुरणयंत्रातून काढावे व कोमट दुधात खललेले केशर आणि वेलदोड्याची पूड घालावी.

मसालेभातासाठी एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावेत. फोडणीत दहा-बारा तोंडल्यांच्या उभ्या फोडी परतून तांदूळ, मीठ व दीड चमचा गोडा मसाला घालावा. दोन वाट्या आधणाचे पाणी ओतून मंद आचेवर शिजवावे. झाकून ठेवल्यास हा भात बराच वेळ गरम राहतो.

किस मात्र जेवायच्या थोडा आधी करावा. चार कणसे किसण्याचे काम यजमानांनी अंगावर घ्यावे. त्याला मनगट लागते, अनुभव लागत नाही. दोन चमचे तुपात जिरे, हिंग व हिरव्या मिरचीची फोडणी करून किस सात-आठ मिनिटे परतावा. मग वाटीभर दूध घालून ते आटेपर्यंत ढवळावे. मीठ व चिमूटभर साखर घालावी. खाली उतरवल्यावर लिंबू पिळून वर खोबरे-कोथिंबीर पसरावी.

भरल्या घरात केवळ दोघांसाठी रांधणे अप्पलपोटेपणाचे दिसेल, अशी शंका काही भगिनींना येईल. ती अनाठायी नाही. परंतु बेत सर्वांसाठीच करावा, मुलांना व वडीलधाऱ्यांना आधी वाढावे, आणि नंतर दोन पाने शेजारी मांडावीत. घरातल्या सासूसासऱ्यांनाही एखाद्या दिवशी असे एकत्र बसवून सूनमुलाने वाढले, तर ते संकोचतील खरे, पण नाही म्हणणार नाहीत.

पुढच्या वेळचा बेत मात्र तिच्या आवडीचा असावा, आणि तो तिला विचारूनच ठरवावा. ‘मला काहीही चालेल’ हे उत्तर येईल. इतकी वर्षे तिला कोणी विचारलेलेच नसते, म्हणून ते येते. ते ऐकून थांबू नये. माहेरी ती काय मागून खात असे, हे विचारावे.