गमावलेले ई-टपाल आणि संगणकाचा संपूर्ण बॅकअप

शासकीय कार्यालयांच्या पत्रव्यवहाराचा फार मोठा भाग आता ई-मेलने होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायद्याची मान्यता मिळाली आणि अशा टपालास कागदी टपालाइतकेच महत्त्व आले. आवक बारनिशीत नोंदलेला कागद शोधू गेल्यास बहुधा कोठल्या तरी गठ्ठ्यात सापडतो. संगणकातील टपालाची फाइल मात्र बिघडली, की अनेक वर्षांची पत्रे एका क्षणात दिसेनाशी होतात. त्यांत एखाद्या नागरिकाचा माहितीच्या अधिकाराखालील अर्ज असेल, तर उत्तर देण्याची ३० दिवसांची मुदत संगणक बिघडला म्हणून थांबत नाही. अशा प्रसंगी ‘बॅकअप आहे ना, मग तो चढवून टाका’ असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नव्हे. परंतु अपुरा आहे, आणि घाईने अमलात आणल्यास मूळ हानीहून मोठी हानी घडविणारा आहे.

संपूर्ण बॅकअप म्हणजे विशिष्ट दिवशी व वेळी संगणकाच्या हार्ड डिस्कवर जे जे होते, त्या सर्वांची जशीच्या तशी प्रत होय. कार्यप्रणाली, आज्ञावल्या, टिपण्या, तक्ते, टपाल असे सारे तीत येते. ही प्रत परत चढविली म्हणजे केवळ टपाल मागे जात नाही, तर सबंध संगणक त्या दिवसापर्यंत मागे जातो. समजा, १ तारखेच्या सायंकाळी संपूर्ण बॅकअप घेतला आणि १८ तारखेस टपाल नाहीसे झाल्याचे ध्यानात आले. त्याच दिवशी बॅकअप चढविला, तर १ तारखेपर्यंतचे टपाल परत मिळेल. परंतु मधल्या काळात तयार केलेली वेतन देयके, मसुदे व तक्ते, जे काही शाबूत होते ते, पुसले जाईल. हरवलेली एक नस्ती शोधण्यासाठी संपूर्ण दप्तर गेल्या महिन्याच्या दप्तराने बदलून टाकावे, तसाच हा प्रकार होय.

यास्तव पहिले काम बॅकअप चढविणे हे नसून संगणकाची आजची स्थिती जतन करणे हे आहे. ई-मेलची आज्ञावली बंद करावी, संगणकाची इंटरनेट जोडणी काढावी आणि आज जे शिल्लक आहे त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. बिघडलेली टपालाची फाइलही टाकून देऊ नये. तिच्यातून पुष्कळदा काही पत्रे वाचविता येतात. दरम्यान त्या संगणकावर नवे काम करू नये. पुसलेल्या मजकुराची जागा नव्या मजकुराने व्यापली, की तो परत मिळण्याची आशा उरत नाही.

त्यानंतर सबंध संगणक मागे नेण्याची खरोखरच आवश्यकता आहे काय, हे पाहावे. बहुतेक वेळा ती नसते. बॅकअपमधून टपालाची तेवढी फाइल वेगळी काढता येते. आउटलुक वापरणाऱ्या कार्यालयात ती पीएसटी या प्रकारची असते, तर थंडरबर्डमध्ये प्रोफाइल नावाच्या फोल्डरात सर्व टपाल असते. ही जुनी फाइल चालू फाइलच्या जागी न ठेवता तिच्या शेजारी उघडावी, म्हणजे जुने व नवे दोन्ही टपाल हाती राहते. संगणकच सुरू होत नसेल किंवा हार्ड डिस्क निकामी झाली असेल, तरच संपूर्ण पुनःस्थापनेकडे वळावे. शक्य असल्यास तीही नव्या डिस्कवर करावी.

येथे एक धोका आहे, आणि त्याची कल्पना अनेकांस नसते. आयमॅप पद्धतीने टपाल येत असेल, तर मूळ टपाल सर्व्हरवर असते व संगणकात त्याचे केवळ प्रतिबिंब असते. सर्व्हरवरून पुसले गेलेले पत्र बॅकअपमधून संगणकात परत आणले आणि लगेच इंटरनेट जोडले, तर आज्ञावली सर्व्हरशी मेळ घालते व ते पत्र दुसऱ्यांदा नाहीसे होते. म्हणून परत मिळालेले टपाल आधी स्थानिक फोल्डरात हलवावे आणि मगच जोडणी द्यावी. पॉप पद्धतीत अडचण उलट आहे. तेथे टपाल संगणकात उतरले, की सर्व्हरवरून ते काढून टाकण्याची व्यवस्था अनेकदा केलेली असते. त्यामुळे बॅकअपनंतर आलेल्या पत्रांची प्रत त्या संगणकाखेरीज सर्व्हरवर असतेच असे नाही.

प्रतींची संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे, याचा प्रत्यय २७ फेब्रुवारी २०११ रोजी आला. गुगल कंपनीच्या जीमेल सेवेत साठवणुकीच्या आज्ञावलीतील दोषामुळे काही वापरकर्त्यांची खाती रिकामी दिसू लागली. कंपनीच्या अंदाजानुसार त्यांचे प्रमाण ०.०२ टक्के होते. टपालाच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी होत्या. परंतु त्या सर्व एकाच आज्ञावलीच्या अधीन असल्याने दोष सर्वत्र पोहोचला. अखेर चुंबकीय फितींवरील प्रती कामी आल्या, कारण त्या जाळ्याशी जोडलेल्या नव्हत्या. सतत जोडून ठेवलेली बाह्य डिस्क ही या अर्थाने अर्धीच राखीव प्रत होय.

प्रत कोठे ठेवावी, याचा विचार नकाशा समोर ठेवून करावा. खानदेशातून वाहणारी तापी पुढे उकाई धरणावरून सुरतेस जाते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तापीच्या उत्तरेस, अमरोलीला लागून, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर कोसाड आहे. सुरतेतील एखाद्या कार्यालयाने आपली प्रत कोसाडच्या शाखेत ठेवली, तर आगीपासून वा चोरीपासून तिचे रक्षण होईल. परंतु महापुराच्या दृष्टीने ही दोन्ही ठिकाणे एकाच नदीच्या खोऱ्यात, थोड्याच अंतरावर आहेत. एक प्रत नदीकाठापासून दूर, दुसऱ्या जिल्ह्यात असणे इष्ट. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागली, त्या वेळी एका इमारतीत एकवटलेल्या दप्तराचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे.

संपूर्ण बॅकअपनंतर दररोज केवळ बदलांचा बॅकअप घेण्याची पद्धत असल्यास, पुनःस्थापनेच्या वेळी हे सर्व भाग क्रमाने चढवावे लागतात. मधला एक भाग जरी बिघडलेला निघाला, तरी पुढचे भाग उपयोगी पडत नाहीत. ई-मेलची आज्ञावली उघडी असताना घेतलेल्या बॅकअपमधून टपालाची फाइल सुटून जाण्याचाही संभव असतो. म्हणून अधूनमधून एखादे जुने पत्र बॅकअपमधून प्रत्यक्ष काढून पाहावे. बॅकअप सांकेतिक कुलपात ठेवला असल्यास त्याची किल्ली त्याच संगणकात नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

इतके करूनही काही दिवसांचे टपाल मिळत नाही, असे घडते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, हे लेखी नोंदवून वरिष्ठांच्या निदर्शनास आणावे. प्रत्येक ई-मेलची दुसरी प्रत बहुधा पाठविणाऱ्याच्या ‘पाठविलेले’ या कप्प्यात असते. संबंधित कार्यालयांना त्या तारखा कळवून पत्रे पुन्हा मागविता येतात. नागरिकांसाठी तशी सूचना फलकावर व संकेतस्थळावर लावावी आणि पुन्हा आलेल्या अर्जावर मूळ दिनांकाचीही नोंद घ्यावी, म्हणजे अर्जदाराची मुदत बुडणार नाही.